कवटीआडचा प्रवाह : दुर्मीळ मेंदूविकार आणि डॉपलर तपासणी

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे 2 टक्के असते. पण हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा जवळजवळ सातवा हिस्सा आणि शरीर वापरते त्या प्राणवायूचा पाचवा हिस्सा त्याला लागतो. निरोगी प्रौढाच्या मेंदूच्या दर 100 ग्रॅम भागातून मिनिटाला सुमारे 50 मिलिलिटर रक्त वाहते. हे रक्त किंवा प्राणवायू साठवून ठेवण्याची सोय मेंदूत नाही. पुरवठा पूर्ण थांबला तर काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत पेशी मरू लागतात. इतकी निकड असलेला अवयव जाड हाडाच्या आत बंद आहे. मनगटावर बोट ठेवून नाडी पाहता येते, गळ्याच्या धमनीचा ठोका हाताला लागतो, पण मेंदूच्या धमन्यांपर्यंत ना हात पोचतो ना स्टेथोस्कोप. त्यामुळे मेंदूतला रक्तप्रवाह कसा मोजायचा, हा शरीरविज्ञानातला एक जुना आणि अवघड प्रश्न राहिला.

त्याचे पहिले विश्वासार्ह उत्तर 1940 च्या दशकात अमेरिकेत सीमोर केटी आणि कार्ल श्मिट यांनी दिले. माणसाला थोडासा नायट्रस ऑक्साइड वायू हुंगवायचा आणि मेंदूकडे जाणाऱ्या व मेंदूतून परतणाऱ्या रक्तात त्याचे प्रमाण कसे बदलते ते पाहायचे, अशी ही पद्धत होती. तिने मेंदूच्या रक्तप्रवाहाचा पहिला खरा आकडा दिला. मात्र तो सगळ्या मेंदूचा मिळून एकच, आणि कित्येक मिनिटांच्या सरासरीचा. पुढे किरणोत्सारी झेनॉन आला, पेट स्कॅन आला, एमआरआयने रक्तप्रवाह दाखवण्याच्या रीती निघाल्या. या सगळ्या पद्धती मेंदूच्या कोणत्या भागाला किती रक्त मिळते ते उत्तम सांगतात. पण त्यासाठी रुग्णाला यंत्रापाशी न्यावे लागते, बहुतेकदा निश्चल पडून राहायला लावावे लागते, आणि खर्चामुळे किंवा किरणांमुळे ती तपासणी पुन्हा पुन्हा करता येत नाही. उभे राहिल्यावर चक्कर येणाऱ्या माणसाच्या मेंदूत नेमके त्या क्षणी काय घडते, हे आडव्या बोगद्यातल्या यंत्राला विचारता येत नाही.

श्राव्यातीत ध्वनीने ही उणीव भरून काढली. मात्र सुरुवात अपयशाची होती. ऑस्ट्रियातील डॉक्टर कार्ल डुसिक यांनी 1942 मध्ये डोक्याच्या एका बाजूने ध्वनी सोडून दुसऱ्या बाजूला तो टिपला आणि मेंदूच्या पोकळ्यांची चित्रे मिळाल्याचे प्रसिद्ध केले. पुढच्या तपासात उघड झाले की त्या आकृती मुख्यतः कवटीच्या हाडानेच उमटवल्या होत्या. हाड ध्वनी शोषते, विखुरते आणि वाकवते. 1950 च्या दशकात स्वीडनमध्ये लार्स लेक्सेल यांनी प्रतिध्वनी वापरून मेंदूची मध्यरेषा सरकली आहे का एवढे ओळखण्याची उपयुक्त रीत काढली. त्याच दशकाच्या अखेरीस जपानमध्ये ओसाका येथे शिगेओ सातोमुरा यांनी वाहत्या रक्तावरून परतलेल्या ध्वनीच्या बदललेल्या वारंवारतेतून रक्ताचा वेग कळतो, हे दाखवले. लाटांचा स्रोत आणि ग्राहक एकमेकांच्या संदर्भात हलत असतील तर वारंवारता बदलते, हे तत्त्व क्रिस्टियान डॉपलर यांनी 1842 मध्ये प्राग येथे ताऱ्यांच्या प्रकाशासंदर्भात मांडले होते. सातोमुरांच्या कामानंतर गळ्यातल्या धमन्यांची डॉपलर तपासणी रूढ होत गेली. 1979 मध्ये नवजात बाळांच्या टाळूमधून, म्हणजे जिथे हाड अजून जुळलेले नसते तिथून, मेंदूच्या धमनीचा संकेत मिळवण्यात आला. प्रौढांची कवटी मात्र डॉपलरला बंदच आहे, असा समज कायम राहिला.

तो समज 1982 मध्ये मोडला. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे काम करणारे नॉर्वेजियन संशोधक रूने ऑस्लिद यांनी मार्कवाल्डर आणि नॉर्नेस या सहकाऱ्यांसह दोन गोष्टी जुळवून आणल्या. गळ्यासाठी वापरतात त्याहून कमी, म्हणजे 2 मेगाहर्ट्झ वारंवारतेचा ध्वनी घेतला, कारण वारंवारता जितकी कमी तितका तो हाडात कमी शोषला जातो. आणि प्रोब ठेवला कानशिलावर, गालाच्या हाडाच्या वर, जिथे कवटी सर्वांत पातळ असते. ध्वनी सलग न सोडता तुटक स्पंदांत सोडला की प्रतिध्वनीला परतायला लागलेल्या वेळेवरून तो किती खोलीवरून आला हे ठरवता येते. म्हणजे 50 मिलिमीटरवरचे रक्त ऐकायचे की 65 मिलिमीटरवरचे, हे तपासणाऱ्याच्या हाती आले. ट्रान्सक्रेनियल डॉपलर, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली टीसीडी, ही अशी सुरू झाली.

या तपासणीतले गणित साधे आहे. शरीरातील मऊ भागांत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 1540 मीटर धरतात. तांबड्या पेशी सेकंदाला 60 सेंटिमीटर वेगाने प्रोबच्या दिशेने येत असतील तर 2 मेगाहर्ट्झ ध्वनीत सुमारे 1550 हर्ट्झचा फरक पडतो. हा फरक माणसाच्या कानाला सहज ऐकू येतो. म्हणून टीसीडीचे यंत्र धमनी दाखवण्याआधी ती ऐकवते, आणि अनुभवी तपासनीस पडद्याकडे पाहण्यापूर्वीच धमनी अरुंद आहे की मोकळी याचा अंदाज आवाजावरून बांधतो. मेंदूच्या तळाशी धमन्यांचे जे वलय आहे, त्याचे वर्णन थॉमस विलिस यांनी 1664 मध्ये केले. टीसीडी ऐकते ते याच वलयाला आणि त्याच्या फाट्यांना. कानशिलावरून 45 ते 65 मिलिमीटर खोलीवर मध्य मस्तिष्क धमनी मिळते आणि तिचे रक्त प्रोबकडे येत असते. जरा खोल गेल्यावर अग्र मस्तिष्क धमनी लागते, तिचे रक्त प्रोबपासून दूर जाते. मानेच्या मागून, कवटीच्या तळाच्या नैसर्गिक छिद्रातून बेसिलर धमनी गाठता येते. मिटलेल्या पापणीवरून डोळ्याच्या धमनीचा प्रवाह कळतो. तिथे ध्वनीची शक्ती मात्र खूप कमी ठेवावी लागते.

निरोगी प्रौढात मध्य मस्तिष्क धमनीतील सरासरी वेग सेकंदाला 55 ते 60 सेंटिमीटरच्या आसपास असतो. नवजात बाळात तो 25 च्या जवळपास असतो, पाच-सहा वर्षांच्या वयात 100 च्या घरात जातो आणि मग वयाबरोबर उतरत येतो. मुलाचा आकडा प्रौढाच्या मापाने वाचला तर निरोगी मूल आजारी ठरेल. रक्तक्षय असेल तर वेग वाढतो, ताप असेल तर वाढतो, श्वास भरभर चालला तर घटतो. म्हणून वय, हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि श्वासातील कार्बन डायऑक्साइड यांची नोंद शेजारी नसेल तर टीसीडीच्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

या विषयात सर्वाधिक गैरसमज होतो तो पुढच्या मुद्द्यावर, आणि दुर्मीळ विकारांत त्याची किंमत मोठी असते. टीसीडी रक्ताचा वेग मोजते, रक्ताचे प्रमाण नव्हे. किती रक्त वाहिले हे वेग आणि धमनीचा छेद या दोहोंवर ठरते, आणि इतक्या बारीक धमनीचा छेद या तपासणीत नीट मोजता येत नाही. नदीचे पात्र चिंचोळे होते तिथे पाणी वेगाने धावते, पण त्यामुळे पुढच्या गावाला जास्त पाणी मिळते असे नाही. वाढलेला वेग म्हणजे कधी धमनीचे आकुंचन, तर कधी खरोखरच वाढलेला प्रवाह. कमी वेग म्हणजे कधी पुढे अडथळा, कधी मागे अडथळा, आणि कधी निव्वळ प्रोबचा कोन चुकलेला. ध्वनीचा झोत आणि धमनी यांच्यातला कोन 30 अंशांचा असेल तर वेग सुमारे 13 टक्क्यांनी कमी दिसतो. रंगीत डॉपलरमध्ये धमनी पडद्यावर दिसत असल्याने कोनाची दुरुस्ती करता येते.

हा संभ्रम सोडवण्यासाठी काही गुणोत्तरे रूढ झाली. हृदयाच्या आकुंचनाच्या वेळचा सर्वोच्च वेग आणि त्याच्या विश्रांतीच्या वेळचा किमान वेग यांतल्या फरकाला सरासरी वेगाने भागले की स्पंदनांक मिळतो. गॉसलिंग आणि किंग यांचे नाव त्याला जोडलेले आहे. पुढच्या बारीक वाहिन्यांत अडथळा वाढला की तो चढतो, त्या पूर्ण सैलावल्या की उतरतो. दुसरे गुणोत्तर लिंडेगार्ड यांचे. मध्य मस्तिष्क धमनीतील वेगाला गळ्यातील अंतर्गत कॅरोटिड धमनीच्या वेगाने भागायचे. दोन्हीकडचा वेग वाढला असेल तर प्रवाह वाढला आहे. मेंदूतलाच वाढून गुणोत्तर 3 च्या वर गेले असेल तर धमनी आवळली गेल्याचा संशय घ्यायचा, आणि 6 च्या वर गेले तर आकुंचन तीव्र मानायचे. प्रत्यक्ष प्रमाण हवे असेल तेव्हा गळ्यातल्या दोन्ही अंतर्गत कॅरोटिड आणि दोन्ही व्हर्टिब्रल धमन्यांचा व्यास व वेग साध्या सोनोग्राफीने मोजून बेरीज करतात. निरोगी प्रौढात ती मिनिटाला सुमारे 700 मिलिलिटर भरते.

टीसीडीचे खरे सामर्थ्य एका आकड्यात नाही, बदलात आहे. धमनीचा छेद अल्पकाळ स्थिर धरला तर वेगातला टक्केवारीचा बदल हा प्रवाहातल्या बदलाचा चांगला निदर्शक ठरतो, आणि तोही दर ठोक्यागणिक. रक्तदाब थोडा वरखाली झाला तरी मेंदू आपला प्रवाह सांभाळतो. नील्स लासेन यांनी 1959 मध्ये ही स्वनियंत्रणाची कल्पना आलेखाने मांडली. त्यांनी दाखवलेला सपाट पट्टा 60 ते 150 मिलिमीटर दाबाचा होता. आजच्या मोजमापांत तो बराच अरुंद भरतो. कार्बन डायऑक्साइडला मेंदूच्या वाहिन्या फार संवेदनशील असतात. रक्तातील त्याचा दाब 1 मिलिमीटरने बदलला की प्रवाह साधारण 3 ते 4 टक्क्यांनी बदलतो. म्हणून रुग्णाला 30 सेकंद श्वास रोखायला सांगून वेग किती चढतो ते पाहिले, की त्याच्या वाहिन्यांत अजून सैलावण्याची ताकद किती शिल्लक आहे हे कळते. शिल्लक संपलेला मेंदू विश्रांतीच्या वेळी अगदी ठीक दिसू शकतो. धोका दिसतो तो त्याच्यावर ताण आणल्यावर.

दुर्मीळ आजाराची व्याख्या देशागणिक वेगळी आहे. युरोपीय संघात 10,000 लोकांमागे 5 पेक्षा जास्त रुग्ण नसतील तर आजार दुर्मीळ, अमेरिकेत देशभरात 2 लाखांपेक्षा कमी रुग्ण असतील तर दुर्मीळ. आकडा कोणताही धरला तरी अडचण एकच राहते. रुग्ण थोडे आणि विखुरलेले असल्याने मोठ्या चाचण्या होत नाहीत, ‘नेहमीचे’ आकडे ठरत नाहीत, आणि डॉक्टरने आयुष्यात तो आजार आधी पाहिलेला असेलच असे नाही. अशा वेळी जी तपासणी स्वस्त आहे, निरुपद्रवी आहे आणि त्याच रुग्णावर महिन्यामहिन्याला करता येते, तिचे मोल वाढते. रुग्णाची आजची नोंद त्याच्याच गेल्या नोंदीशी ताडून पाहता येते.

टीसीडीने जीव वाचतात याचा सर्वांत भक्कम पुरावा सिकलसेल या आजारातून आला. हिमोग्लोबिनमधील एका आनुवंशिक बदलामुळे तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या आणि ताठर होतात. वेदनेचे झटके, रक्तक्षय, संसर्ग ही या आजाराची परिचित रूपे. पण लहान मुलांमध्ये त्याचा सर्वांत क्रूर घाव पक्षाघाताचा असतो. अंतर्गत कॅरोटिड धमनीचे टोक आणि मध्य मस्तिष्क धमनीची सुरुवात हळूहळू अरुंद होत जाते. उपचार नसतील तर तीव्र प्रकारच्या सिकलसेलमध्ये वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत सुमारे 11 टक्के रुग्णांना पक्षाघात होतो, हे अमेरिकेतील दीर्घकालीन निरीक्षणातून कळले. वरून धडधाकट दिसणाऱ्या मुलांतून हा धोका कोणाला आहे, ते ओळखण्याचा मार्ग मात्र नव्हता.

अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञ रॉबर्ट ॲडम्स आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये तो दाखवला. टीसीडीत ज्या मुलांचा वेग फार वाढलेला होता, पुढे पक्षाघात बहुतांशी त्यांनाच झाला. त्यावरून आखलेल्या ‘स्टॉप’ या चाचणीत सरासरी वेग सेकंदाला 200 सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असलेली 130 मुले निवडली गेली. 63 मुलांना नियमित रक्त दिले गेले, 67 मुलांवर नेहमीची देखरेख ठेवली गेली. देखरेखीच्या गटात 11 मुलांना मेंदूचा झटका आला, रक्त दिलेल्या गटात फक्त एकाला. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधी थांबवून सर्वांना उपचार खुले केले गेले. निष्कर्ष 1998 मध्ये प्रसिद्ध झाले. धोका 92 टक्क्यांनी कमी झाला होता. एका साध्या प्रोबने मोजलेल्या आकड्यावरून मुलांचे भवितव्य इतके बदलल्याची उदाहरणे वैद्यकात फार नाहीत.

पुढचा प्रश्न ओघानेच आला. वेग उतरला की रक्त देणे थांबवावे का? 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या ‘स्टॉप’ चाचणीत ज्या 41 मुलांचे रक्त देणे थांबवले, त्यांपैकी 14 जणांचा वेग पुन्हा धोक्याच्या पातळीवर गेला आणि दोघांना पक्षाघात झाला. ज्यांना रक्त चालू ठेवले त्यांच्यात असे एकही उदाहरण नव्हते. वर्षानुवर्षे रक्त घेण्याने शरीरात लोह साठते आणि जिथे रक्तपेढ्याच अपुऱ्या आहेत तिथे हा उपचार परवडतही नाही. 2016 मधील ‘ट्विच’ चाचणीने दाखवले की किमान वर्षभर रक्त घेतलेल्या आणि धमन्या गंभीरपणे अरुंद न झालेल्या मुलांना हायड्रॉक्सियुरिया या गोळीवर आणता येते. उत्तर नायजेरियात तर स्थानिक डॉक्टर व परिचारिकांना टीसीडी शिकवून, रक्त न देता थेट हायड्रॉक्सियुरिया वापरण्याचा मार्ग तपासला गेला. आज दोन ते सोळा वर्षांच्या मुलांची वर्षातून एकदा टीसीडी करावी असा सल्ला आहे. 170 च्या खाली वेग असेल तर सामान्य, 170 ते 199 असेल तर लवकर पुन्हा तपासणी, 200 किंवा अधिक असेल तर खात्री करून उपचार. हे आकडे जुन्या, चित्र न दाखवणाऱ्या टीसीडीवर बेतलेले आहेत. रंगीत यंत्रावरचे आकडे साधारण थोडे कमी येतात, हे विसरले की धोक्यातले मूल सुरक्षित म्हणून घरी जाते.

सिकलसेल अमेरिकेत दुर्मीळ आजारांत मोडतो. विदर्भात आणि सातपुड्याच्या पट्ट्यात तो घरोघरी परिचित आहे. भारतात 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये त्याची प्रथम नोंद झाली. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर आणि नंदुरबार हे जिल्हे या आजाराने विशेष ग्रासलेले आहेत. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण बऱ्याचदा जास्त राहते आणि ते काही अंशी संरक्षण देते. त्यामुळे इथे पक्षाघात आफ्रिकी वंशाच्या रुग्णांहून कमी आढळतो. पण मध्य भारतात तीव्र रूपेही दिसतात, आणि ज्या घरात मुलाला लकवा येतो त्या घराला सरासरीचा दिलासा मिळत नाही. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिचा भर रक्ततपासणीवर आहे, आणि ते योग्यच. परंतु निदान झालेल्या मुलाच्या मेंदूच्या धमन्या दरवर्षी ऐकल्या जाणे हा त्याच कामाचा पुढचा भाग आहे. त्यासाठी लागते एक छोटे यंत्र आणि नीट शिकवलेला माणूस.

मोयामोया या आजारात टीसीडीचे वाचन जास्त गुंतागुंतीचे आहे. जपानमध्ये 1957 मध्ये त्याचे पहिले वर्णन झाले आणि 1969 मध्ये सुझुकी व ताकाकू यांनी त्याला हे नाव दिले. दोन्ही बाजूंच्या अंतर्गत कॅरोटिड धमन्यांची टोके उघड कारणाशिवाय बंद होत जातात आणि मेंदूच्या तळाशी नाजूक, बारीक वाहिन्यांचे जाळे तयार होते. 2011 मध्ये आरएनएफ 213 या जनुकाचा त्याच्याशी संबंध स्पष्ट झाला. पूर्व आशियात हा आजार जास्त का, याचे उत्तर बरेचसे तिथे आहे. मुलांत तो तात्पुरत्या अशक्तपणाच्या झटक्यांनी प्रकटतो, आणि हे झटके येण्याची वेळ लक्षणीय असते: जोरात रडताना, वाफाळते नूडल्स फुंकून खाताना, तोंडाने वाजवायचे वाद्य वाजवताना. श्वास भरभर बाहेर टाकल्याने कार्बन डायऑक्साइड उतरतो, उरल्यासुरल्या वाहिन्या आकुंचतात आणि आधीच काठावर असलेला मेंदूचा भाग उपाशी पडतो. म्हणूनच या रुग्णांत भरभर श्वास घ्यायला लावून टीसीडी करणे टाळतात.

मोयामोयात सुरुवातीला, धमनी अरुंद होत असताना, वेग वाढतो. पुढे ती जवळजवळ बंद झाली की वेग उतरतो आणि स्पंदनांकही खाली येतो, कारण पुढच्या वाहिन्या मिळेल ते रक्त घेण्यासाठी पूर्ण सैलावलेल्या असतात. मागच्या मस्तिष्क धमनीतील वेग मात्र चढतो, कारण पुढच्या भागाचा भार तिने उचललेला असतो. आजार वाढत असताना एका धमनीचा आकडा ‘सामान्य’ पातळीवरून जातो, तो चढताना एकदा आणि उतरताना एकदा. एकाच तपासणीवर विसंबणाऱ्याला या दोन अवस्था ओळखू येणार नाहीत. शस्त्रक्रियेनंतर टीसीडीचा आणखी एक उपयोग होतो. कानासमोरून टाळूकडे जाणारी वरवरची धमनी कवटीच्या आत जोडतात किंवा मेंदूच्या पृष्ठभागावर टेकवून ठेवतात. त्वचेला रक्त पुरवत होती तोपर्यंत तिचा स्पंदनांक उंच असतो. मेंदूला पुरवू लागली की हृदयाच्या विश्रांतीच्या काळातही तिच्यातून रक्त वाहू लागते आणि स्पंदनांक घसरतो. कानासमोर प्रोब ठेवून नवी वाट चालू झाली का, हे काही मिनिटांत कळते.

अचानक, विजेसारख्या कडाडून येणाऱ्या डोकेदुखीने सुरू होणारा एक विकार असा आहे की त्यात मेंदूच्या धमन्या जागोजागी आवळतात आणि तीन महिन्यांच्या आत पूर्ववत होतात. पहिल्या आठवड्यात अँजिओग्राफी कधी कधी अगदी स्वच्छ येते. तैवानमधील संशोधकांनी लागोपाठ टीसीडी करून दाखवले की मध्य मस्तिष्क धमनीतील वेग तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे डोकेदुखी ओसरू लागल्यावर, शिगेला पोचतो. रुग्णाला बरे वाटू लागते तेव्हा त्याच्या धमन्या सर्वाधिक आवळलेल्या असू शकतात. ही गोष्ट एका छायाचित्रासारख्या तपासणीतून कळणे शक्यच नव्हते.

बारीक वाहिन्यांच्या आनुवंशिक विकारांत टीसीडीची भूमिका अप्रत्यक्ष आहे. कॅडासिल हा त्यांतला सर्वांत अभ्यासलेला विकार. 1996 मध्ये त्याच्या मुळाशी नॉच 3 हे जनुक असल्याचे कळले. अर्धशिशी, ऐन मध्यम वयात वारंवार पक्षाघात आणि हळूहळू बुद्धीचा ऱ्हास, असा त्याचा क्रम. मोठ्या धमन्या यात मोकळ्याच असतात. आजार ज्या वाहिन्यांत आहे त्या कोणत्याही प्रोबला दिसणार नाहीत इतक्या सूक्ष्म. मात्र कार्बन डायऑक्साइड वाढवल्यावर मोठ्या धमनीतील वेग हवा तेवढा चढत नाही, यावरून पुढच्या वाहिन्या ताठरल्याचे उमगते. फॅब्री या विकारात बेसिलर धमनी रुंद आणि वेडीवाकडी होते, आणि तिथे वेग कमी मिळणे अपेक्षितच असते.

स्वायत्त मज्जासंस्था निकामी होणाऱ्या मल्टिपल सिस्टिम ॲट्रोफीसारख्या आजारांत रुग्ण उभा राहिला की रक्तदाब कोसळतो. अशा रुग्णाला झुकत्या टेबलावर बांधून, बोटावरील पट्ट्याने दर ठोक्याचा रक्तदाब आणि डोक्याला पट्ट्याने बसवलेल्या प्रोबने मेंदूतला वेग एकाच वेळी नोंदवतात. निरोगी माणसातही उभे राहिल्यावर वेग थोडा घटतो. रुग्णात दाब किती उतरला यापेक्षा त्या दाबाला मेंदूने प्रवाह कितपत सांभाळला, हे जास्त महत्त्वाचे असते. दाबाचे आकडे सारखे असलेल्या दोन रुग्णांपैकी एक ताठ उभा राहतो आणि दुसरा कोसळतो, त्याचा उलगडा इथे होतो, आणि औषधाचे लक्ष्यही त्यावरून ठरवता येते.

डॉपलरला आणखी एक गोष्ट फार चांगली ऐकू येते: रक्तातून जाणारा बुडबुडा किंवा गुठळीचा कण. आवाजात क्षणभर टक्क असा ध्वनी उमटतो. आनुवंशिक रक्तस्रावी टेलँजिएक्टेशिया या आजारात फुप्फुसातील शिरा आणि धमन्या थेट जोडल्या जातात. गाळणी नसल्याने गुठळ्या व जंतू मेंदूपर्यंत पोचून पक्षाघात किंवा गळू होते. हातातील शिरेत हवा घुसळलेले सलाईन टोचून मेंदूच्या धमनीत बुडबुडे पोचतात का ते टीसीडीने पाहतात. ताकायासू धमनीदाहात, जो आशियात तुलनेने जास्त आढळतो आणि मुख्यतः तरुण स्त्रियांना होतो, महाधमनीच्या फांद्या अरुंद होतात. तिथे गळ्यातील आणि मेंदूतील तपासणी एकत्र वाचली तरच रक्त कोणत्या वाटेने येत आहे हे समजते.

या तपासणीच्या मर्यादा उघड आहेत आणि त्या मान्य करूनच ती वापरावी लागते. दहापैकी एक-दोन जणांच्या कानशिलाचे हाड इतके जाड असते की संकेतच मिळत नाही. वयस्कर स्त्रियांत आणि आशियाई लोकांत हे प्रमाण अधिक असते, त्यामुळे भारतातील तपासनीसाला ‘विंडो नाही’, म्हणजे ध्वनीला आत जायला वाट नाही, असा शेरा बऱ्याचदा लिहावा लागतो. शिरेतून सूक्ष्म बुडबुड्यांचे द्रावण दिल्यास यातल्या काहींचा संकेत मिळतो. श्वास रोखण्याच्या चाचणीत धमनीचा व्यास स्थिर राहतो हे गृहीतकही पूर्ण खरे नाही. शक्तिशाली एमआरआयने कार्बन डायऑक्साइडचा बदल मोठा असल्यास व्यास बदलतो असे दाखवले आहे. सर्वांत मोठी मर्यादा तपासणाऱ्याच्या हाताची. चांगली टीसीडी शिकायला महिने लागतात. यंत्र नेण्यावरही कायद्याची बंधने आहेत. महाराष्ट्राने 1988 मध्ये देशात प्रथम गर्भलिंगनिदानावर कायदा केला, 1994 मध्ये तो देशपातळीवर आला, आणि सोनोग्राफी यंत्रांच्या नोंदणीचे व वाहतुकीचे कडक नियम त्यातून आले. मुलींच्या जिवासाठी ते आवश्यकच होते. दुर्गम भागात रंगीत डॉपलर नेण्याची कोणतीही योजना या नियमांच्या चौकटीतच आखावी लागते.

तंत्र पुढे सरकत आहे. पॅरिसमध्ये मिकाएल तांतेर यांच्या गटाने सेकंदाला हजारो चित्रे टिपणारी श्राव्यातीत पद्धत विकसित केली. 2011 मध्ये तिने उंदरांच्या मेंदूतील बारीक वाहिन्यांच्या रक्तप्रवाहातले बदल दाखवले, आणि 2017 पर्यंत ती नवजात बाळांच्या टाळूमधून वापरली गेली. झोपेतले बदल आणि आकडीच्या वेळचे बदल तिने टिपले. 2021 मध्ये सूक्ष्म बुडबुड्यांचा माग काढून प्रौढाच्या कानशिलातूनही मेंदूच्या अतिशय बारीक वाहिन्यांची चित्रे मिळाली. कॅडासिलसारख्या आजारात, जिथे आजवर मोठ्या धमनीवरून लहान वाहिन्यांचा अंदाज बांधावा लागला, तिथे त्या वाहिन्याच पाहता येण्याची शक्यता यातून उभी राहिली आहे. या पद्धती सध्या मोजक्या प्रयोगशाळांत आहेत. जिल्हा रुग्णालयात आज उपलब्ध होऊ शकते ती 2 मेगाहर्ट्झची साधी टीसीडीच, आणि सिकलसेलच्या मुलासाठी पुरावा आहे तोही तिचाच.